चार कोरे महिने

"त्याईले माहीत होतं," ती म्हणाली.

माझ्यासमोरच्या खुर्चीत ती अर्धीच टेकून बसली होती. एटापल्लीकडची माडिया बाई, वय पंचविशीच्या आत, आश्रमशाळेत दहावी झालेली, सहावा महिना सुरू. पहिल्या एसटीने निघून ती दुपारी चंद्रपूरला माझ्या ऑफिसात पोचली होती. तिच्या गावापासून तीन किलोमीटरवर एक शेड आहे. जंगलातला हिरडा, बेहडा, मध तिथे येतो, बायका तो निवडतात, गाळतात, डब्यात भरतात. तीसेक बायका, सगळ्या ठेकेदाराच्या. शेडचं नाव सांगत नाही, कारण मानहानीच्या नोटिसा लिहायला वकील मोकळेच बसलेले असतात, आणि मी त्यांच्यातलीच आहे. तर होळीच्या आधी तिथल्या मुकादमाने तिच्या हातात एक कागद दिला होता. वर्षभरात चाळीस खाडे झाले, वारंवार गैरहजेरीमुळे उद्यापासून कामावर येऊ नये.

"पोटात लेकरू आहे हे तू कोणाले सांगितलं होतं?" मी विचारलं.

"त्याईले माहीत होतं."

"हो, पण सांगितलं कोणाले? कधी?"

"पूर्ण शेडले माहीत होतं, बाई."

मी वैतागले. वकिलाला 'माहीत होतं' चालत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला, हे लागतं. गरोदर बाईला त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलं असलं की सव्वीस आठवड्यांची रजा हक्काची, हेही स्पष्ट आहे. अलीकडे कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, पण एवढं तसंच राहिलं. आणि म्हणूनच ठेकेदार गरोदर आहे म्हणून कोणाला काढतच नाहीत. ते खाड्यांसाठी काढतात, उद्धटपणासाठी काढतात, काम कमी झालं म्हणून काढतात. पोटाविषयी विचारलं की हात वर करतात. आम्हाला काय माहीत, साहेब?

वीस वर्षांच्या वकिलीत माझ्या संगणकात काही वाक्यं कायमची मुक्कामाला आली आहेत. त्यातलं एक असं: 'अर्जदाराने आपल्या गरोदरपणाची माहिती पर्यवेक्षकास वेळोवेळी तोंडी दिलेली होती.' तिच्या अर्जात मी ते उचलून टाकलं. सगळा अर्ज तिला वाचून दाखवला. या वाक्याला ती माझ्याकडे बघत राहिली, काही बोलली नाही. गप्प म्हणजे हो, असं मी धरलं. तिने सही केली.

ती चूक माझी होती. ती मी पुढे सांगणारच आहे, पण आधी मी एवढी घाईला का आले होते ते सांगते.

मी भद्रावतीची. वडील कारखान्यात होते, आई एका खाजगी शाळेत शिकवायची. आम्ही तीन भावंडं, म्हणून माझ्या आईची नोकरी तीनदा नव्याने सुरू झाली. बाळंतपण जवळ आलं की संस्थेचे सचिव तिला बोलवायचे आणि म्हणायचे, बाई, राजीनामा लिहून द्या, मोकळ्या झालात की परत घेऊ, आपली घरचीच शाळा आहे. ती लिहून द्यायची. मग परत घ्यायचे, शब्दाचे पक्के होते ते. फक्त नवीन तारखेपासून घ्यायचे. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्याहून सहा वर्षांनी मागून लागलेले एक सर कागदावर तिच्याहून सीनियर होते. निरोप समारंभात त्यांनी आईला शाल दिली आणि बाई माझ्या मोठ्या बहिणीसारख्या आहेत असं भाषणही केलं. आईने घरी येऊन ती शाल कपाटात टाकली आणि त्या विषयावर पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. मला मात्र आजही कोणी 'घरच्यासारखी संस्था' म्हटलं की पायाची आग मस्तकात जाते. घरच्यासारखी म्हणजे काय ते घरातल्या बायकांना विचारा.

माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मला रजा देणारं कोणी नव्हतंच. वकिलाला कोण रजा देणार? आठव्या महिन्यात मी उभं राहून युक्तिवाद केले आणि बाळंतपणानंतर सातव्या आठवड्यात परत कोर्टात आले. बार रूममध्ये बायकांसाठी म्हणून जी खोली होती, तिच्यात जुन्या फाइलींचं कपाट होतं आणि त्या कपाटामागे मी मुलीला पाजायची. एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले होते, "कामगारांच्या रजेसाठी भांडणाऱ्या बाईंना स्वतःलाच रजा नाही." मी त्यांना म्हटलं, "म्हणूनच भांडते."

लोक मला परिसंवादांना बोलावतात. महिलांची रजा आणि उद्योगांवरचा भार, अशा विषयांवर. दरवेळी एखादा गृहस्थ उठून म्हणतोच की मॅडम, एवढी रजा द्यायची तर उद्या बायकांना कामावर घेणार कोण? मी विचारते, तुमच्या जन्मानंतर तुमची आई कितव्या दिवशी कामाला लागली? बहुतेकांना ठाऊक नसतं. भार भार म्हणतात त्यातून हे सगळे गृहस्थ बाहेर पडलेले आहेत, आणि पडल्या पडल्या दार लावून घेतायत. बापालाही रजा द्या, लेकरू दोघांचं आहे, मग बाईला घ्यायची भीती आपोआप जाईल, हे माझं म्हणणं. त्यावर टाळ्या पडतात आणि चहा येतो.

पण सभेतल्या टाळ्यांनी एटापल्लीच्या बाईचं काम परत येत नव्हतं. तिला ती शेड हवी होती. गावाजवळ बारा महिने चालणारं दुसरं कामच नव्हतं. नवरा तिकडे तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. शेड गेली तर तिलाही त्याच्यामागे जावं लागणार होतं, शेतावरच्या पालात बाळंत व्हावं लागणार होतं. "मले इथीच राह्याचं आहे, बाई," एवढंच ती मागत होती.

केस उभी राहीपर्यंत ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. मिरचीचा हंगाम अजून काही महिने लांब होता, तोवर निकाल लागायला हवा होता. कोर्टाला तशी घाई नसते. थंडी सरता सरता एकदाची साक्षीची तारीख लागली, तेव्हा ती लेकीला सासूजवळ कोर्टाच्या व्हरांड्यात ठेवून पिंजऱ्यात उभी राहिली.

ठेकेदाराचे वकील वयाने मोठे, गोड बोलणारे. त्यांनी फार विचारलंच नाही.

"तुमच्या अर्जात लिहिलंय की तुम्ही मुकादमाला गरोदरपणाची तोंडी माहिती दिली होती. दिली होती का?"

"नाई," ती म्हणाली.

"एकदा तरी?"

"नाई. मी त्याले काहीच बोलली नाई."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं, मान जराशी झुकवली आणि बसले. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. माझ्याच अर्जाने माझ्याच अशिलाला खोटं पाडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला आणि सासूला कोर्टामागच्या चहाच्या टपरीकडे नेलं आणि चिडून बोलले. आज लिहिताना लाज वाटते, पण बोलले. "काऊन म्हटलं नाई म्हणून? सहा-सहा तास एसटीत बसून कशासाठी येते तू?"

तिने लेकीला छातीशी धरलं होतं. ती माझ्यावर चिडली नाही, पण दबलीही नाही.

"खोटं कसं बोलू, बाई? ते तुमी लिवलं होतं. मी तर तुमाले पयल्याच दिवशी सांगितलं, त्याईले माहीत होतं."

"पण कसं माहीत होतं?"

ती सासूकडे बघायला लागली. सासू जमिनीकडे. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्यात हे बोलत नाई. कुर्म्यात गेली नाई का समजते."

कुर्मा म्हणजे गावाच्या कडेची ती झोपडी. पाळी आली की माडिया बाईने चार-पाच दिवस तिथे राहायचं. घरात नाही, शेतात नाही, शेडमध्ये तर नाहीच. गावाला कोणी सांगत नाही की अमकीला दिवस गेलेत. तसं बोलणं बरं समजत नाहीत. तिची पाळी येऊन ती कुर्म्यात दिसली नाही, दुसऱ्या महिन्यातही दिसली नाही, की विहिरीवर, मोहाखाली, शेडमध्ये सगळ्यांना कळलेलं असतं. मग तिच्या वाटणीची जड पोती दुसरी कोणी उचलते, आणि तेही न बोलता.

हे सगळं तिने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तिच्या भाषेत सांगितलं होतं. मी तारीख विचारत बसले होते.

कुर्म्याविषयी माझं मत लपवून ठेवत नाही. मी पाहिलेत ते. गळकं छप्पर, दाराच्या जागी ताटी, पावसात साप-विंचू. शहरात पाळीची रजा द्यावी की नाही यावर चर्चा रंगते, तेव्हा मला हसू येतं. आमच्या बायांना पाळीची रजा कधीचीच मिळालेली आहे, फक्त तिच्यात छप्पर नाही आणि मजुरी नाही. त्या झोपडीला काडी लावावी असं मला वाटतं. त्या दिवशी टपरीवर मी ते बोलूनही गेले. तेव्हा ती म्हणाली, "जाळा मंग. पण ते पाच दिवस मले कोणी काम सांगत नाई. घरी असली का सगळेच सांगतेत." झोपडी नको आणि ते पाच दिवस हवेत, असा कायदा अजून मला लिहिता आलेला नाही.

पण तोवर माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. चाळीस खाडे. वर्षाचे चाळीस. महिन्याला पाच धरले तर आठच महिने होतात. मग उरलेले चार महिने कुठे गेले?

हजेरीबुक ठेकेदारानेच कोर्टात दाखल केलं होतं, मोठ्या ऐटीत, खाडे सिद्ध करायला. मी आजवर त्यातल्या शेवटच्या बेरजेकडे पाहिलं होतं. आता सुट्टीतच उठले, कारकुनाकडून फाइल मागून घेतली आणि एकेक पान उलटलं. मार्चमध्ये पाच खाडे, सलग. एप्रिलमध्ये पाच, सलग. मे, जून, असं करत दिवाळीपर्यंत. दर महिन्यात लाल शाईच्या फुलीचे पाच खण, एकाला एक लागून. आणि दिवाळीनंतर काही नाही. चार महिने, एकही फुली नाही. रविवार सोडले तर रोज हजर. आणि त्या चार महिन्यांनंतर लगेच तो कागद, वारंवार गैरहजेरीचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, आणि त्याही स्वतःच्या हातच्या हजेरीबुकात.

पुढच्या तारखेला मुकादम पिंजऱ्यात आला. शेजारच्याच गावचा, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. त्याने शपथपत्रात लिहून दिलं होतं की अर्जदार गरोदर असल्याची मला कल्पना नव्हती. मी त्याला भाऊ म्हणूनच सुरुवात केली.

"भाऊ, ही हजेरी तुम्हीच भरता?"

"हो."

"ही बाई दर महिन्यात पाच दिवस येत नव्हती. काऊन?"

तो ठेकेदाराच्या वकिलांकडे बघायला लागला. वकील निवांत होते. खाडे निघत होते, त्यांना हवेच होते.

"कुर्म्यात जाये ते," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बाईमाणसं नाई आल्या का समजतेच ना."

न्यायाधीशांनी कुर्मा म्हणजे काय विचारलं. त्याने सांगितलं, मला जेवढं सांगता आलं असतं त्याहून चांगलं सांगितलं. मग मी हजेरीबुक त्याच्यापुढे धरलं.

"दिवाळीनंतरचा महिना बघा. खाडे किती?"

"नाई."

"पुढचा?"

"नाई."

"त्याच्या पुढचा?"

त्याने पान उलटलं नाही. बोट तिथेच ठेवलं. वकील आता ताठ बसले होते. आक्षेप आहे म्हणाले, कशाला आक्षेप ते त्यांना चटकन सापडलं नाही.

"चार महिने ही बाई कुर्म्यात गेली नाही," मी म्हटलं. "काऊन गेली नाही, भाऊ?"

मुकादमाने मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे ती बसली होती, मांडीवर लेकरू घेऊन. वाईट माणूस नव्हता तो. त्याला त्याची नोकरी होती, आणि त्यालाही लेकी होत्या.

"समजलं होतं," तो म्हणाला. "माया घरच्या बाईनं सांगितलं होतं दुसऱ्याच महिन्यात. मंग मी ठेकेदाराले सांगितलं. ते म्हणाले, काढ."

न्यायाधीशांनी ते शब्द स्वतः टंकलेखकाला सांगितले. एकेक.

मिरचीचा एक हंगाम तिने सासूजवळ गावातच काढला, आणि पावसाच्या तोंडावर हुकूम आला. तिला कामावर परत घ्यावं, रजा हक्काची धरावी, आणि मधल्या काळात तिची सेवा अखंड समजावी. तोवर पोरगी भिंत धरून चालायला लागली होती. बाळंतपणाची रजा मंजूर झाली तेव्हा बाळ चालत होतं, वरातीमागून घोडं म्हणतात ते याला. मला काही त्यात आनंद मानायचा नाही. हक्क वेळेवर मिळाला तरच हक्क, नाहीतर ती भरपाई. पण तिने हुकूम दोनदा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मंग सोमवारपासून जातो." आभार मानले नाहीत. का मानावेत? तिचंच होतं ते.

आई आता माझ्याकडे चंद्रपुरातच राहते. त्या दिवशी घरी गेल्यावर मी तिला हुकूम वाचून दाखवला. 'सेवा अखंड समजण्यात यावी' इथे आल्यावर ती म्हणाली, "हे पुन्हा वाच." मी वाचलं. मग उठली आणि भाजी चिरायला घेतली. मला रडू आलं, आणि रागही आला, की हे तिच्यासाठी कोणी वाचलं नाही.

ठेकेदार वरच्या कोर्टात गेला नाही. गेला असता तरी हजेरीबुक तेच राहिलं असतं. त्याने त्याऐवजी नवीन फर्मान काढलं: गरोदर कामगाराने लेखी कळवल्याशिवाय कुठलाही दावा चालणार नाही. हे ऐकून मी एका रविवारी एटापल्लीची एसटी धरली. शेडपासून जरा लांब, मोहाखाली, बायका जमल्या. मी नेहमीचं भाषण सुरू केलं, लेखी द्या, तारीख टाका. त्या माना हलवत होत्या आणि मला दिसत होतं की यातली एकही लिहून देणार नाही. जे घरात तोंडाने बोलत नाहीत ते ठेकेदाराला कागदावर कसं देतील? म्हणून मी भाषण बंद केलं आणि म्हटलं, ठीक आहे, तुम्ही बोलू नका. घरी खताच्या दुकानाचं कॅलेंडर असतं ना, त्याच्यावर खाड्याच्या दिवशी फुली मारा. एवढंच करा. बाकीचं लिहायचं काम माझं. त्या हसल्या. हसल्या म्हणजे करतील की नाही, मला सांगता येत नव्हतं.

माझ्या संगणकातलं ते जुनं वाक्य मी खोडून टाकलंय.

गेल्या महिन्यात त्याच शेडमधली दुसरी एक बाई ऑफिसात आली. वयाने लहान, पहिलीहून लाजरी. खुर्चीवर बसली नाही. पिशवीतून गुंडाळलेलं कॅलेंडर काढलं, माझ्या टेबलावर पसरलं आणि बाजूला उभी राहिली. पेनाच्या निळ्या फुल्या, दर महिन्यात चार, पाच, चार. आणि शेवटचे तीन महिने कोरे.

मी तिला कोणाला सांगितलं, कधी सांगितलं, काही विचारलं नाही. कागद ओढला आणि तिच्या वतीने ठेकेदाराला लिहायला घेतलं: आमच्या अशील गरोदर आहेत, यापुढे त्यांच्या हजेरीपटाला हात लावाल तर आमच्याशी गाठ आहे. तारीख टाकली. तिने सही केली. नोटीस घेऊन मी स्वतः ठेकेदाराच्या चंद्रपूरच्या ऑफिसात गेले. तिथला कारकून म्हणाला, ठेवून जा, मॅडम, साहेब आले की देतो. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "पोचीचा शिक्का मारा. त्याशिवाय मी उठत नाही."

त्याने शिक्का मारला.